पहिल्या खोलीतलं आरशातलं घड्याळ: खेळणारे नेमके कुठे अडकतायत?

बंद_खिडकी

फर्स्ट-पर्सन सायकॉलॉजिकल हॉरर गेम, गोडो ४ (गेम बनवायचं इंजिन) मध्ये. पहिल्या दहा मिनिटांतलं पहिलंच कोडं बसत नाहीये. म्हणजे कोडं चालतं, पण बऱ्याच टेस्टर्सना सुटत नाही, आणि ज्यांना सुटतं त्यांना ते का सुटलं हे सांगता येत नाही. दुसरी गोष्ट मला जास्त खटकते.

मांडणी अशी आहे. झोपायची खोली, चार मीटर बाय पाच मीटर. बाहेर जायचं दार कुलूपबंद. पाच मीटरच्या अंतरावर समोरासमोर दोन भिंती: एकीवर लंबकाचं घड्याळ, दुसरीवर उभा आरसा. खरं घड्याळ बारावर बंद पडलंय. आरशातलं घड्याळ मात्र वेगळी वेळ दाखवतं. खऱ्या घड्याळात ती वेळ लावली की दार उघडतं.

आरसा म्हणजे भिंतीला पाडलेलं भोक आणि पलीकडे त्याच खोलीची उलटी केलेली प्रत (एका अक्षावर स्केल उणे एक). त्या प्रतीतल्या घड्याळाला ४:२० ही वेळ दिली आहे. तबकडी ३० सेंटीमीटरची, आकडे नाहीत, बारा रेघा आहेत. ई दाबलं की काटे पाच मिनिटं पुढे, क्यू दाबलं की पाच मिनिटं मागे. मिनिटकाटा फिरला की तासकाटा त्याच्याबरोबर सरकतो. बरोबर वेळ आली की लगेच कुलूप उघडल्याचा आवाज होतो.

खोलीत एक मंद दिवा आणि हातात टॉर्च. दोन मिनिटं झाली की दाराबाहेर पावलं वाजायला लागतात आणि हळूहळू जवळ येतात. काहीच होत नाही, पण खेळणाऱ्याला ते माहीत नसतं.

काही टेस्टर्स कपाटं आणि खणच उचकत बसतात. काही जण आरसा बघतात, ७:४० लावतात, दार उघडत नाही, मग घड्याळाकडे परत फिरकत नाहीत. काही जण नुसते काटे फिरवतात आणि दार आपोआप उघडतं.

तीन प्रश्न. बरोबर उत्तर कुठलं धरायचं, ४:२० की ७:४०? इशारा कसा द्यायचा, म्हणजे थेट न सांगता? आणि खेळणाऱ्याने आरशातलं घड्याळ खरंच पाहिलं का, हे कोडमध्ये कसं ओळखायचं? मी ऑन-स्क्रीन नोटिफायर (वस्तू कॅमेऱ्याच्या चौकटीत आली की कळवणारा गोडोचा भाग) वापरला, पण मध्ये कपाट असलं तरी तो ‘दिसलं’ म्हणतो.

---

उलटा_काटा

आधी आकडेमोड करू, कारण तुमचा दुसरा खटका तिथेच आहे.

आरशात घड्याळाची वेळ बारा वजा खरी वेळ अशी दिसते. प्रतीला ४:२० दिलंय, ती उलटी केली आहे, म्हणून पडद्यावर ७:४० दिसतं. म्हणजे ७:४० लावणारे लोक चुकत नाहीयेत, ते दिसतंय तेच लावतायत. तुमच्या कोडला ४:२० हवंय.

आता बारावरून पुढे फिरवत ७:४० ला जायचं तर पाच-पाच मिनिटांच्या ९२ पायऱ्या. वाटेत ५२ व्या पायरीला ४:२० येतं आणि तुमचं कुलूप तिथेच उघडतं. मागे फिरवत ७:४० ला जाणाऱ्याला मात्र वाटेत ४:२० लागतच नाही, तो ७:४० वर थांबतो आणि अडकतो. म्हणजे एकाच विचाराने निघालेल्या दोघांतला ई दाबणारा पास, क्यू दाबणारा नापास. का सुटलं ते सांगता येत नाही यात नवल नाही.

नुसतं ई दाबत राहणाऱ्याचंही तेच. बारा तासांत पाच मिनिटांची एकूण १४४ ठिकाणं. सेकंदाला तीन वेळा दाबलं तर सगळं वर्तुळ ४८ सेकंदांत पालथं घालून होतं, आणि ४:२० तर अठरा सेकंदांच्या आतच लागतं. वेळ जुळताक्षणी दार उघडणं आधी काढा. काटे लावणं आणि ‘हे माझं उत्तर’ म्हणणं या दोन वेगळ्या क्रिया हव्यात. घड्याळाच्या बाबतीत ती क्रिया आयती मिळते: किल्ली देणं. काटे लावा, मग किल्ली द्या, मगच तपासणी. किल्ली एखाद्या खणात ठेवा. खणच उचकणारे जे लोक आहेत, ते किल्ली हातात घेऊन आपसूक घड्याळाकडे येतील.

तिसरं म्हणजे ४:२० ही वेळच वाईट आहे. तासकाटा १३० अंशांवर, मिनिटकाटा १२० अंशांवर. मध्ये फक्त दहा अंश. मंद उजेडात दोन्ही मिळून एकच काटा दिसतो. आरशात २३० आणि २४० असे येतात, तीच गत. ८:०५ घ्या. तासकाटा २४२.५ अंश, मिनिटकाटा ३०, मधलं अंतर जवळपास १४८ अंश. आरशात ते ३:५५ दिसेल. काट्यांची अदलाबदल करून कोणी १:४० वाचू शकतो, म्हणून तासकाटा ठळक आणि आखूड करा. लांबीचं प्रमाण दोनास तीन तरी असू दे, जाडीतला फरक त्याहून जास्त.

सुरुवातीची वेळ बाराऐवजी सहा ठेवा. बारा आणि सहा या दोनच वेळा आरशात जशाच्या तशा दिसतात, त्यामुळे ‘आरशात उलटं दिसतं म्हणून वेगळी वेळ दिसत असेल’ ही पळवाट दोन्हीकडे बंद होते. आरसा प्रामाणिक असता तर त्यात सहाच दिसायला हवे होते. पण सहा वरून ८:०५ पुढे २५ पायऱ्या आणि ३:५५ मागे २५ पायऱ्या, दोन्ही दिशांना सारखीच मेहनत. बारावरून ८:०५ ला जवळच्या वाटेनेही ४७ पायऱ्या पडतात. की दाबून धरली तर वेग वाढेल अशी सोय तरीही करा.

कोडमध्ये काट्यांचे कोन तपासू नका. ० ते ७१९ मिनिटांचा एक पूर्णांक ठेवा. तासकाट्याचा कोन म्हणजे मिनिटं गुणिले ०.५, मिनिटकाट्याचा म्हणजे साठने भागून उरलेली बाकी गुणिले ६. मागे फिरवताना शून्याखाली जाऊ नये म्हणून पॉझमॉड (उणे आकड्याचीही धन बाकी देणारं फंक्शन) वापरा. ८:०५ म्हणजे ४८५, बस्स. कोन तपासणारे हमखास तासकाटा २४० वर शोधतात आणि पाच मिनिटांचे अडीच अंश विसरतात.

---

अर्धा_उजेड

वरचं सगळं बरोबर, पण ते घड्याळ मुळात दिसतंय का?

हिशोब करा. आरशापासून एक मीटरवर उभं राहिलं तर प्रतिबिंबातलं घड्याळ एक अधिक पाच, सहा मीटर लांब. कॅमेऱ्याचा उभा कोन गोडोमध्ये मुळात ७५ अंश. सहा मीटरवर पडद्याच्या उंचीत सुमारे ९.२ मीटर मावतात. १०८० पिक्सेलच्या पडद्यावर तुमची ३० सेंटीमीटरची तबकडी ३५ पिक्सेलची होते. त्यात तासकाटा आठ-नऊ पिक्सेल. वर फिल्म ग्रेन आणि कडेचा अंधार असेलच, हॉरर आहे म्हटल्यावर. हे कोणीही वाचू शकत नाही.

घड्याळ आणि आरसा चार मीटरच्या अंतरावरच्या भिंतींवर हलवा, तबकडी ४५ सेंटीमीटरची करा. त्याच जागेवरून ६३ पिक्सेल मिळतील. उजवं बटण दाबलं की कोन ४० अंशांवर येईल असा ‘निरखून बघणं’ प्रकार द्या, मग १३० च्या वर जातं. लंबकाच्या उंच घड्याळाला ४५ ची तबकडी थोडी मोठी वाटेल, वाटू दे.

आणि एक शंका: तुमच्या आरशातलं घड्याळ टॉर्च मारूनही काळंच राहतं का? काचेच्या मेशची (थ्रीडी आकाराची) सावली चालू असेल तर राहणारच. प्रतीच्या पद्धतीत खरा टॉर्च भोकातून सरळ पलीकडे जाऊन प्रतीतली भिंत उजळतो, आणि आरशात बघताना तेच अपेक्षित असतं. काच सावली पाडत असेल तर उजेड तिथेच अडतो. काचेचं कास्ट शॅडो बंद करा.

याच्या जोडीला टॉर्चची एक उलटी प्रत हवी, आरशाच्या प्रतलापलीकडे, तेवढ्याच अंतरावर. खेळणारा आरशाकडे पाठ करून खऱ्या घड्याळावर टॉर्च मारतो तेव्हा प्रतीतलं घड्याळ हीच प्रत उजळते. दोन्ही टॉर्चना सावल्या चालू ठेवा, म्हणजे भोकाच्या चौकटीतून जाईल तेवढाच उजेड इकडचा तिकडे जाईल. लाइट लेयर (कुठला दिवा कशावर पडतो त्याचे गट) वेगळे करायचा मोह होतो, तो टाळा. वेगळे केले की परावर्तित उजेड खोलीत येतच नाही आणि आरसा टीव्हीसारखा दिसतो. मधली भिंत पातळ असली तर कडांतून उजेड झिरपतो, तिला वीसेक सेंटीमीटर जाडी द्या.

सबव्ह्यूपोर्ट (दुसऱ्या कॅमेऱ्याचं चित्र घेणारा वेगळा पडदा) आणि दुसरा कॅमेरा लावून खरा आरसा करता येतो, पण इथे आरशातलं आणि बाहेरचं वेगळं असणं हाच विषय आहे, त्यामुळे प्रत बरी. स्क्रीन-स्पेस रिफ्लेक्शनचा उपयोग नाही, जे पडद्यावर नाही ते त्यात दिसत नाही, आणि घड्याळ तर पाठीमागे आहे. प्रतीतून सगळे फिजिक्स बॉडी (धडक ओळखणारे अदृश्य आकार) काढून टाका. उणे स्केल मेशला चालतं, कोलिजनला चालत नाही.

खेळणारा स्वतः आरशात दिसत नाही हे या पद्धतीत फुकट मिळतं. ते झाकायला जाऊ नका.

---

पावलांमागे

पावलं काढा. निदान किल्ली देईपर्यंत तरी.

भीती वाढली की माणसाचं लक्ष आक्रसतं आणि कडेच्या खुणा सुटतात. मानसशास्त्रज्ञ ईस्टरब्रुकने १९५९ मध्ये हे मांडलं, त्यानंतर त्यावर पुष्कळ वाद झाले, पण कोड्यांच्या खोलीत हे डोळ्यांना दिसतं. दाराबाहेर पावलं वाजली की खेळणारा दाराकडे तोंड करून उभा राहतो. तुमचा इशारा दाराकडे नाहीये, म्हणजे तुम्हीच त्याला पाठ फिरवायला लावताय. शिवाय पावलं जवळ येतात म्हटल्यावर त्याला वाटतं वेळेचं बंधन आहे. बंधन नाही हे कळल्यावर पावलांची भीती पुढच्या सगळ्या खेळासाठी गेली.

पहिल्या कोड्यात भीती उत्तराच्या नंतर हवी. अ‍ॅम्नेशिया: द डार्क डिसेंट (२०१०) या गेममध्ये अंधारात राहिलं की पात्राचा मानसिक तोल ढासळतो, पण कोडं पुढे सरकलं की सावरतो. म्हणजे डोकं चालवणं हाच आसरा होतो. तुमच्याकडे डोकं चालवायला थांबलं की शिक्षा आहे.

आवाज हवाच असेल तर टिकटिक घ्या, फक्त आरशातल्या घड्याळाची. खरं घड्याळ बंद आहे आणि खोलीत टिकटिक ऐकू येते, एवढ्यावर माणूस शोधायला लागतो. प्रतीतला लंबक हलू दे, काटे मात्र स्थिर. काटे चालू ठेवले तर उत्तर बदलत जाईल.

थ्रीडी ऑडिओ प्लेअरचा युनिट साइज (आवाज किती लांबपर्यंत जोरात राहतो ते ठरवणारा आकडा) मुळात १० असतो आणि कमाल पातळी ३ डेसिबल. पाच मीटरच्या खोलीत याचा अर्थ सगळीकडे सारखाच आवाज, कारण सुमारे सात मीटरच्या आत तो कमाल पातळीलाच अडकलेला असतो. आरशाजवळ गेलं काय, लांब गेलं काय, फरक नाही. युनिट साइज १.५ करा. मग पाच मीटरवर आवाज साडेदहा डेसिबलने खाली येतो आणि जवळ जाण्याला अर्थ येतो. साध्या पॅनिंगमध्ये पुढचं-मागचं ओळखता येत नाही, हे गृहीत धरा. खेळणारा मान वळवून शोधेल, ते चांगलंच.

ऐकू न येणाऱ्यांसाठी आणि आवाज बंद करून खेळणाऱ्यांसाठी उपशीर्षकात ‘टिकटिक, आरशाच्या बाजूने’ असं यायला हवं. लंबकाची हालचाल नजरेला दिसतेच, त्यामुळे कोडं केवळ आवाजावर अडत नाही.

---

बंद_खिडकी

काच सावली पाडत होती, हो. बंद केली, घड्याळ दिसायला लागलं. ८:०५ आणि सहा हेही घेतो. किल्ली तर घेतोच.

पण मूळ प्रश्न राहतो. आरशात ३:५५ दिसणार. कोणी ३:५५ लावून किल्ली दिली तर त्याला चूक म्हणायचं का? त्याने आरसा पाहिला, फरक ओळखला, घड्याळाशी जोडलं. पहिल्या कोड्यात याहून काय अपेक्षा करायची? दोन्ही उत्तरं मान्य करावी असं वाटतंय.

---

तिसरी_पायरी

मी दोन्ही मान्य करीन. कोडं सुटण्यात तीन टप्पे असतात: खूण दिसणं, खुणेचा संबंध लागणं, कृती करणं. तुमचा खेळणारा तिन्ही टप्पे पार करून ३:५५ वर आला आहे. उलट-सुलट करणं हा चौथा टप्पा आहे, आणि तो पहिल्या खोलीत कशाला? सायलेंट हिल २ (२००१) मध्ये सुरुवातीच्या अपार्टमेंटमधलं खोली २०८ चं घड्याळ आठवा. हेन्री, मिल्ड्रेड आणि स्कॉट ही तीन नावं, त्यांची पहिली इंग्रजी अक्षरं म्हणजे तास, मिनिट, सेकंद. उत्तर ९:१०. एकच उडी आहे, ती मारली की काम झालं. वर त्या गेममध्ये कोड्यांची काठिण्यपातळी मारामारीच्या पातळीपासून वेगळी निवडता येते, म्हणजे ज्याला जास्त उड्या हव्यात त्याने त्या मागून घ्याव्यात.

तुम्हीही तेच करा. सोप्या पातळीवर दोन्ही उत्तरं, कठीण पातळीवर फक्त ८:०५.

---

उलटा_काटा

काठिण्यपातळी वेगळी ठेवायला हरकत नाही. पण दोन्ही उत्तरं मान्य करायला माझी हरकत आहे. पुढे आरशाची आणखी कोडी असतील तर पहिल्या खोलीत आरशाचा नियम ठरतो. दोन्ही मान्य केली की नियमच नाही. तिसऱ्या आरशापाशी खेळणारा पुन्हा शंभर टक्के अंदाजाने खेळेल.

मान्य आणि अमान्य याच्या मधलं उत्तर द्या. ३:५५ लावून किल्ली दिली की खेळणाऱ्याचं दार उघडू नये. आरशातलं दार उघडावं.

प्रतीत ते दार आहेच, त्याला फक्त फिरवायचं आहे. खेळणाऱ्याला कुलपाचा आवाज खऱ्या दारातून नाही, आरशातून येतो. तो आरशाकडे वळतो, आत दार उघडं, पलीकडे अंधार. आपल्या बाजूचं दार बंद. एका चुकीच्या उत्तरातून त्याला तीन गोष्टी कळतात: घड्याळ हाच मार्ग आहे, उत्तर जवळ आहे, आणि आरशातलं जसंच्या तसं लावलं की आरशातलं होतं. पुढची उडी तो स्वतः मारतो. शिवाय उघडं राहिलेलं ते आरशातलं दार बंद करू नका. तुमच्या पावलांना आता यायला जागा झाली.

कोडमध्ये ३:५५ म्हणजे २३५. ४८५ अधिक २३५ बरोबर ७२०, म्हणून कुठलीही वेळ घेतली तरी आरशातली वेळ ७२० मधून वजा करून मिळेल. वेगळी नोंदवायची गरज नाही.

---

तिसरी_पायरी

हे चांगलं आहे, माझा आक्षेप मागे. फक्त ‘उलट करायचं’ हे सुचायला खोलीत आधार हवा. रेघांची तबकडी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, त्यामुळे आरशात ती उलटी झाली आहे हे डोळ्याला कळतच नाही. आकडे घातले तर कळेल, पण मग आकड्यांवरून वेळ थेट वाचता येते आणि कोडं मरतं.

तबकडीवर किल्लीचं भोक एकाच बाजूला ठेवा. खऱ्या घड्याळात उजवीकडे, म्हणजे आरशात डावीकडे. किल्ली देताना खेळणाऱ्याची नजर त्या भोकावर असतेच. भोकाभोवती पितळेची कडी द्या, काळ्या भोकाला ६३ पिक्सेलच्या तबकडीत कोणी विचारत नाही.

त्याआधी आणखी एक हलकी शिकवण ठेवता येईल. पलंगाच्या वरच्या भिंतीवर खरडलेली, उलट्या अक्षरांची एक ओळ. सरळ बघितली तर वाचता येत नाही, आरशात वाचता येते. ओळीत उत्तर असू नये, वेळेचा उल्लेखही नको. तिचं काम एवढंच, की आरशात बघून गोष्टी सुलट होतात हे खेळणाऱ्याने एकदा स्वतः केलेलं असावं. खेळ सुरू झाल्यावर आधी ओळ, मग आरसा, मग घड्याळ या क्रमाने नजर जाईल अशी ठेवण करा. मंद दिवा त्या ओळीजवळ हलवा. दाराजवळ दिवा नको, उजेड असतो तिथेच माणूस पहिले शोधतो.

पहिल्या सायलेंट हिल (१९९९) मध्ये शाळेच्या संगीत खोलीतला पियानो असाच काम करतो: कवितेतले पक्षी मुके आहेत, आणि ज्या पट्ट्या वाजत नाहीत त्याच दाबायच्या असतात. पट्ट्या दाबून बघताना काही वाजत नाहीत हे हाताला आधी कळतं, कवितेचा अर्थ नंतर लागतो. तुमचं किल्लीचं भोक आणि उलटी ओळ हेच करतील.

---

अर्धा_उजेड

‘पाहिलं का’ या प्रश्नाचं राहिलंच.

तो नोटिफायर फक्त कॅमेऱ्याच्या चौकटीचा विचार करतो. भिंती, कपाटं त्याला कळत नाहीत, ऑक्लूजन कलिंग (आड गेलेल्या वस्तू न काढणं) चालू नसेल तर मुळीच नाही. त्याला पहिली चाळणी म्हणून ठेवा, निर्णय त्याच्यावर सोपवू नका.

चौकटीत असेल तेव्हा दोन गोष्टी तपासा. एक, कॅमेऱ्याची दिशा आणि प्रतीतल्या घड्याळाची दिशा यांचा डॉट प्रॉडक्ट ०.९ च्या वर, म्हणजे नजरेच्या मध्यापासून साधारण २६ अंशांच्या आत. दोन, कॅमेऱ्यापासून घड्याळापर्यंतचा किरण (वाटेत काही आडवं आहे का ते तपासणारी अदृश्य रेघ) मोकळा. हा किरण फिजिक्स प्रोसेसमध्येच टाका.

किरणात दोन खाचखळगे आहेत. आरशाच्या काचेला कोलिजन असणार, नाहीतर खेळणारा भोकातून पलीकडे चालत जाईल. ते कोलिजन वेगळ्या लेयरवर ठेवून किरणाच्या मास्कमधून (तो तपासतो त्या लेयरच्या यादीतून) वगळा, नाहीतर उत्तर कायम ‘अडलं’ येईल. आणि प्रतीतले फिजिक्स बॉडी काढायला मीच सांगितलं होतं, त्यामुळे प्रतीतलं कपाट किरणाला दिसणार नाही. तिथे मोठ्या फर्निचरपुरत्या साध्या पेट्या ठेवा, धन स्केलच्या, प्रतीच्या फांदीबाहेर, म्हणजे उणे स्केल त्यांना लागणार नाही. पेटी दोन्हीकडून सारखीच असते, तिला उलटं करायची गरज नाही.

दोन्ही अटी पूर्ण असतील तेवढा वेळ साठवत जा. साठा ०.६ सेकंद झाला की ‘पाहिलं’. अट तुटली की साठा शून्य करू नका, हळूहळू उतरवा. लोक नजर स्थिर ठेवत नाहीत. टॉर्च बंद असेल तर मोजूच नका.

हे कळल्यावर इशारे घड्याळाच्या वेळेवर न लावता खेळणाऱ्याच्या टप्प्यावर लावता येतात. घड्याळ पाहिलंच नाही आणि दीड मिनिट गेलं: टिकटिक तीन डेसिबलने वाढवा. पाहिलं पण काट्यांना हात लावला नाही: खऱ्या घड्याळाचं काचेचं झाकण आपोआप थोडं उघडू दे, आवाजासकट. हात लावला, किल्ली नाही: किल्लीचा खण. ३:५५ वर किल्ली देऊन तीन मिनिटं झाली: उलट्या ओळीजवळचा दिवा लुकलुकू दे. एकाच वेळी एकच इशारा, आणि नजर दुसरीकडे असताना तो सुरू करू नका, वाया जातो. झाकण उघडणं तर समोर बघताना झालं पाहिजे.

---

पावलांमागे

सेव्हचं कोणी बोललं नाही. किल्ली दिल्यावर लंबक हलतो, मग कुलूप, मग दार, असा तीन-चार सेकंदांचा अ‍ॅनिमेशन असेल. दार अ‍ॅनिमेशन संपल्याच्या सिग्नलवर उघडत असेल आणि ऑटोसेव्ह मध्येच झाला, तर लोड केल्यावर किल्ली दिलेली, दार बंद, आणि पुन्हा किल्ली देता येत नाही. खेळणारा कायमचा कोंडला. कोडं सुटलं ही नोंद किल्ली देण्याच्या क्षणीच करा, आणि लोड करताना दाराची स्थिती त्या नोंदीवरून ठरवा, अ‍ॅनिमेशनवरून नको. आरशातल्या दाराचीही नोंद वेगळी ठेवा, ३:५५ लावून सेव्ह करणारे असणारच.

चुकीच्या वेळेवर किल्ली दिली तर किल्ली परत हातात यायला हवी. ती घड्याळात अडकून राहिली तर लोक दुसरी किल्ली शोधत फिरतात.

आणि ३:५५, ८:०५ सोडून बाकीच्या वेळांना काय होतं? काहीच झालं नाही तर घड्याळ मोडकं वाटतं. लंबक दोन-तीन हेलकावे घेऊन थांबू दे. तेवढं पुरतं.

---

बंद_खिडकी

३:५५ ला आरशातलं दार उघडणं घेतलं. एकच शंका: ते उघडं दार बघून टेस्टर आरशात शिरायचा प्रयत्न करतायत, काचेला धडकत राहतात.

---

उलटा_काटा

धडकल्यावर काचेवर हात टेकल्याचा आवाज आणि तळव्याचा ठसा द्या, डेकल (पृष्ठभागावर चिकटवलेलं चित्र) पुरेल. ठसा दोनदा उमटला की तिसऱ्यांदा उमटवू नका, नाहीतर ते कोडं आहे असं वाटेल. ठशाची जागा अशी ठेवा की आरशातली तबकडी त्यामागे झाकली जाणार नाही.